विहिरीची राखण काठापासून

२०२२ च्या जुलैत अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. शेकडो माणसं आजारी पडली, काही दगावली. नळयोजना होती, पण वीज तोडलेली असल्यामुळे पंप बंद होता आणि लोक पुन्हा उघड्या विहिरीकडे वळले होते. पावसाने वाहून आणलेली घाण त्या विहिरीत उतरली होती.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत, गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा जिवाणू मिळाला, आणि त्या भागाला पाणी देणाऱ्या नांदेड गावातल्या विहिरीकडे तपासाचं लक्ष गेलं.

पहिली गावं डोंगरातली, दुसरा भाग महानगराच्या वेशीवरचा. विहीर दोन्हीकडे आहे. नळ आले तरी महाराष्ट्रात विहीर सुटलेली नाही. कित्येक नळयोजनांचा उगमच एखादी विहीर असतो, आणि योजना बंद पडली की लोक पोहरा घेऊन तिथेच जातात. साथ आली की मात्र सगळी चर्चा ब्लीचिंग पावडर टाकली की नाही, एवढ्यावर येऊन थांबते. पावडर हवीच. पण विहिरीचं पाणी बहुधा तिच्या काठाच्या चार पावलांत आणि वरच्या वीस फुटांत बिघडतं. राखण तिथून सुरू झाली नाही, तर पावडर एकटी पुरी पडत नाही.

उथळ म्हणजे किती खोल?

आरोग्यशास्त्रात उथळ विहीर फुटांवर ठरत नाही. जमिनीखाली पाणी न झिरपू देणारा पहिला थर जिथे लागतो, त्याच्या वरच्या पाण्यावर जी विहीर चालते ती उथळ. तो थर भेदून त्याखालचं पाणी घेते ती खोल. त्यामुळे पन्नास फूट खणलेली विहीरही उथळ असू शकते. गावातले आड, परसातल्या विहिरी, कोकणातल्या बावी, शेतातल्या बहुतेक विहिरी या अर्थाने उथळच आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. या विहिरीतलं पाणी जवळपासच्याच जमिनीत, अलीकडच्याच पावसाने मुरलेलं असतं. ते आपल्या अंगणातून, गोठ्यामागून, शेताच्या बांधावरून आलेलं आहे. वर जे सांडलं, ते खाली पोचायला फार दिवस लागत नाहीत.

बोअर खोल आहे म्हणून निर्धास्त राहणंही बरं नव्हे. केसिंग पाइप मुरुमातच संपला असेल किंवा त्याच्या भोवतीची फट सिमेंटने बुजवलेली नसेल, तर वरचं पाणी पाइपाच्या कडेने थेट खाली उतरतं आणि दोनशे फुटांचा बोअरही उथळ विहिरीसारखाच वागू लागतो.

खडकावर किती भरवसा ठेवावा?

माती ही चांगली गाळणी आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी सावकाश झिरपतं तेव्हा जिवाणू कणांना चिकटतात, मातीतले दुसरे सूक्ष्मजीव त्यांना खातात, उरलेले अन्नावाचून मरतात. काही मीटरच्या प्रवासात बहुतेक जिवाणू थांबतात; विषाणू आकाराने लहान असल्याने आणखी पुढे जातात. मात्र पाणी कणाकणांतून झिरपलं तरच हे घडतं. भेगेतून धावलं तर काहीच गाळलं जात नाही.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग अखंड पाषाण. विहिरीला पाणी येतं ते मुरुमातून आणि भेगांतून. तळकोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तो तर आतून नळ्यांसारख्या छिद्रांनी पोखरलेला असतो. पाणी त्यातून झपाट्याने पुढे सरकतं. म्हणून ‘शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पंधरा मीटर ठेवा’ हा नियम मातीच्या प्रदेशात जेवढा उपयोगी, तेवढा कातळावर नाही. एकच भेग खड्ड्याखालून निघून विहिरीत उघडत असेल, तर पंधराचे तीस मीटर केले तरी फरक पडणार नाही.

मग आपली विहीर कशी आहे हे ओळखायचं कसं? पावसाळ्यात दोन गोष्टी बघा. जोराची सर पडल्यावर काही तासांतच पाणी गढूळ होत असेल किंवा एकदम वर चढत असेल, तर वरचं पाणी न गाळता आत येत आहे. दुसरं, बॅटरीचा उजेड टाकून आतल्या बांधकामाकडे बघा. वरच्या आठ-दहा फुटांत दगडांच्या सांध्यांतून पाझर लागलेले असतील, शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ असतील, तर गळती तिथे आहे. खाली तळाशी लागलेले झरे हवेत. वरून पाझरणारं पाणी नको. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या जुन्या माणसांना आणि रोज पाणी शेंदणाऱ्या बायकांना हे बहुधा ठाऊकही असतं, त्यांना कुणी विचारत नाही इतकंच.

कठडा, ओटा आणि आतलं बांधकाम

सुरक्षित विहिरीची मापं ठरलेली आहेत आणि ती साधी आहेत. आतलं बांधकाम वरून निदान सहा मीटर, म्हणजे वीस फूट खोलवर पाणी न झिरपू देणारं असावं. म्हणजे वरून मुरलेल्या पाण्याला आत येण्याआधी वीस फूट जमिनीतून उतरावं लागतं. आपल्या जुन्या विहिरी कोरड्या दगडांच्या, सांधे न भरलेल्या आहेत. झऱ्यांना वाट मिळावी म्हणून त्या तशा बांधल्या. अशी विहीर पाडून नवी बांधायची गरज नाही. वरच्या वीस फुटांतले सांधे सिमेंट-वाळूने भरून काढायचे, त्याखालचे मोकळे ठेवायचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असताना हे काम होतं.

कठडा जमिनीपासून पाऊण मीटर तरी उंच हवा. तो वाहून येणारं पाणी अडवतो, गुरं आणि लहान मुलं पडू देत नाही. कठड्याला बसायची सपाट कड ठेवू नये. लोक त्यावर पाय ठेवून उभे राहतात आणि चपलेला लागलेलं सगळं आत पडतं. भोवती किमान एक मीटर रुंदीचा काँक्रीटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला, आणि त्याला लागून पक्कं गटार. गटाराचं तोंड विहिरीपासून लांब शोषखड्ड्यात किंवा परसबागेत.

या सगळ्यात बिघडतो तो ओटा. गावोगावी दिसतं ते हेच: कठडा शाबूत, रंगवलेला, त्यावर योजनेचं नाव, आणि खाली ओट्याला बोटभर रुंद भेग. त्या भेगेत कपड्यांचं, भांड्यांचं, गुरांच्या मुताचं पाणी दिवसभर जिरत असतं. ते विहिरीच्या भिंतीला लागूनच खाली उतरतं. एखादं पोतं सिमेंट आणि गवंड्याचा एक दिवस एवढ्यात ती बुजते. नव्या योजनेची वाट बघत ही भेग वर्षानुवर्षं राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

झाकण घालणं सर्वांत चांगलं. स्लॅब टाकून त्यावर हातपंप बसवला, साफसफाईसाठी बंद होणारी लोखंडी झडप ठेवली, की पोहरा, पाला, पक्षी, सगळेच प्रश्न एकदम मिटतात. स्लॅब परवडत नसेल तिथे निदान जाळी. पारवे विहिरीच्या भिंतीतल्या खोबणीत घरटी करतात आणि त्यांची विष्ठा थेट पाण्यात पडते. काठावर पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो रोप असतानाच काढावा. मुळं सांध्यात शिरली की बांधकाम उकलतं.

निर्माल्य आणि गणपतीच्या मूर्ती पिण्याच्या विहिरीत सोडण्याची चाल काही ठिकाणी अजून आहे. जिथे आपण देवपूजेचं पाणी भरतो त्याच पाण्यात रंग आणि कुजणारी फुलं घालू नयेत, हे श्रद्धाळू माणसाला पटवणं अवघड नाही. कृत्रिम हौद किंवा वापरात नसलेली विहीर हा मार्ग अनेक गावांनी धरलेलाही आहे.

शौचालय, गोठा, उकिरडा

२०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात खेड्यापाड्यांत शौचालयं झाली. उघड्यावरची घाण कमी झाली हा मोठा लाभ आहे. पण बांधताना जागा बघितली ती घराच्या सोयीने. विहीर कुठे आहे हे बघितलंच असं नाही. त्यातून दोन उथळ शोषखड्ड्यांच्या शौचालयाऐवजी कित्येकांनी एकच खोल खड्डा खणला, कारण ‘एकदा खणला की बघायला नको’. खड्डा जितका खोल, तितका तो भूजलाच्या जवळ. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत खड्डे उथळ असतात, एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवतात, आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यातला मैला वर्ष-दोन वर्षांत निर्धोक खत होतो. पिण्याच्या विहिरीच्या आसपास शौचालय असेल तर हीच पद्धत धरावी, आणि खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान दोन मीटर वर राहील हे बघावं.

अंतराइतकाच उतार महत्त्वाचा. भूजल साधारण जमिनीच्या उताराने सरकतं. म्हणून शौचालय, गोठा, उकिरडा, शेणखताचा ढीग हे विहिरीच्या खालच्या अंगाला असावेत. आपल्या कित्येक गावांत मात्र दलित वस्ती गावाच्या उतारावर वसवलेली आहे आणि तिची विहीरही तिथेच. अख्ख्या गावाचं सांडपाणी तिच्याकडे वाहतं. अशा वस्तीत साथ आली की ‘हे लोक स्वच्छता पाळत नाहीत’ असं म्हटलं जातं. ते अन्यायाचं आहे. घाण वरून आलेली असते आणि तिचा बंदोबस्त वरच्या गावानेच करायला हवा.

पोहरा, दोर आणि नारूचा धडा

प्रत्येकीने आपापला दोर आणि आपापली बादली आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. दोर ओट्यावर, चिखलात, शेणात लोळतो आणि पुढच्याच क्षणी पाण्यात उतरतो. विहिरीवर एकच पोहरा, रहाटाला कायमचा बांधलेला, वापर झाला की आकड्याला टांगलेला, एवढ्या बदलाने बराच संसर्ग टळतो. भांडी, कपडे, गुरं आणि अंघोळ ओट्यापासून लांब.

हे सांगणं किरकोळ वाटत असेल तर नारू आठवावा. नारूचा जंत पायातून बाहेर यायचा, तो हातभर किंवा त्याहून लांब असायचा. दुखणं महिनोन् महिने माणसाला अंथरुणाला खिळवायचं, तेही नेमकं शेतीच्या हंगामात. त्याचा फेरा सगळा पायऱ्यांच्या विहिरीत पुरा व्हायचा. नारू झालेला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरून पाण्यात उभा राही, जखमेतून जंताची पिल्लं पाण्यात सुटत, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात जात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून साधारण वर्षाने नवा नारू बाहेर येई. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. या रोगावर लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले, पाणी दुहेरी फडक्याने गाळायला शिकवलं, सायक्लॉप्स मारणारं द्रावण विहिरीत टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. विहिरीची रचना आणि पाणी भरण्याची रीत बदलून एक आख्खा रोग या देशातून गेला.

दोन धोक्याचे काळ

पहिला काळ मृगाच्या पहिल्या पावसाचा. आठ महिने जमिनीवर साचलेलं सगळं पहिल्या दोन-चार सरींत वाहून निघतं. पुढे आषाढ-श्रावणात कोकणात विहिरी काठोकाठ भरतात, हात घालून कळशी भरता येते, आणि पाणी नितळ दिसतं. पण तेव्हा भूजल इतकं वर आलेलं असतं की मधला कोरडा, गाळणारा थर उरतच नाही. शौचालयाच्या खड्ड्याचा तळ आणि विहिरीचं पाणी एकाच पातळीत येतात. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांचे रुग्ण याच दिवसांत वाढतात.

दुसरा काळ चैत्र-वैशाखाचा. पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांतल्या पाड्यांवर बायका कोरड्या पडत चाललेल्या विहिरीत उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात. थोड्या पाण्यात घाण दाट होते आणि त्यातच माणसांचे पाय असतात. मराठवाड्यात टँकर आला की पाइप विहिरीत सोडून मोकळा होतो. तळाचा गाळ ढवळला जातो आणि टँकरमध्ये क्लोरीन घातलेलं असलंच तर ते त्या गाळातच संपतं. टँकरचं पाणी झाकलेल्या टाकीत घेऊन तोट्यांनी द्यावं. विहिरीत ओतणं ही निव्वळ सोय आहे आणि ती बंद व्हायला हवी.

गाळ उपसायचा तो पावसाआधी. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेले असू शकतात. एक बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असं दरवर्षी घडतं. पेटता कंदील खाली सोडून तो विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण कंदील विझला नाही म्हणजे विषारी वायू नाहीत असं मुळीच नाही. डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही चालवू नये. कमरेला दोर, वर माणसं, आणि आधी बराच वेळ हवा खेळती केलेली असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर ती विहीर दूषितच धरावी. पूर ओसरल्याबरोबर मोठा पंप लावून घाईने रिकामी करू नये. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि आतला दाब गेला की बांधकाम ढासळतं. सावकाश उपसा, भिंती घासून धुणं, आणि मग आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने नेहमीपेक्षा बरीच जास्त मात्रा.

पावडर: किती आणि कशी

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतं. डबा उघडा राहिला, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं आणि उरतो तो चुना. म्हणून पावडर कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावी. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. पावडरीचा नमुना तपासून मिळतो, ग्रामपंचायतीने तो पाठवत राहायला हवं.

मात्रा काढायला विहिरीतलं पाणी मोजावं लागतं. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने. आलेला आकडा लिटरचा. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर १४,१३० लिटर. चांगल्या पावडरीची नेहमीची मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पाण्याची पातळी बदलली की मात्रा बदलते. ‘आमच्या विहिरीला दोन मुठी’ हे बारा महिने बरोबर असूच शकत नाही.

मूठभर पावडर वरून भिरकावून देणं हा तर सर्रास चालणारा चुकीचा प्रकार. बादलीत थोडं पाणी घेऊन आधी पावडर कालवायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायची. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची, चुना फेकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून खाली-वर, आडवी-उभी हलवायची, म्हणजे ती सगळीकडे मिसळते. त्यानंतर अर्धा तास, शक्य तर तासभर, कुणी पाणी भरायचं नाही. म्हणून हे काम रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर करणं सोयीचं. साथीच्या दिवसांत ते रोज करावं लागतं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच झुंजत संपतं, तेव्हा आधी पाणी निवळू द्यावं.

मग ओटी चाचणी. नळीत पाण्याचा नमुना घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की पिवळसर रंग येतो. रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पिणाऱ्याच्या हंड्यापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. रंग आला नाही तर पावडर पुन्हा.

घरच्या लहान विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने दोन मडक्यांची पद्धत काढली. एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून लहान मडक्यात भरायची. त्याला वरच्या बाजूला एक सेंटिमीटरचं भोक. ते मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं. त्याला तळाजवळ तसंच भोक. तोंड बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं. साडेचार हजार लिटर पाण्याच्या आणि दिवसाला चारेकशे लिटर उपसा असलेल्या विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरतं. मोठ्या सार्वजनिक विहिरीत एका मडक्यावर विसंबू नये.

पावडरीने पाण्याला वास येतो, चहा बिघडतो, ही तक्रार घरोघरी असते. वास जास्त आला तर मात्रा जास्त झाली असेल. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात काही वेळ ठेवलं की तो उतरतो. विहिरीत मासे-कासव जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं, अशीही समजूत आहे. कॉलऱ्याचे किंवा काविळीचे जंतू माशांना काहीच करत नाहीत.

उकळून न जाणारं

नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीनचाही त्यावर उपयोग नाही. ते येतं युरियातून, शेणखताच्या ढिगातून, मैल्यातून. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेटचं पाणी वरच्या दुधात कालवून तान्ह्या बाळाला दिलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ते निळसर पडू लागतं. अशा गावात बाळासाठी पाणी दुसरीकडून आणणं हाच मार्ग आहे.

कीटकनाशकांचंही तसंच. फवारणीचा पंप विहिरीवर धुणं, औषध कालवलेली बादली पुन्हा विहिरीत सोडणं, रिकाम्या बाटल्या काठावर टाकणं हे शेतातल्या विहिरींवर रोज दिसतं. त्याच विहिरीवर दुपारी शेतमजूर पाणी पितात. पंप धुवायचा तो शेतात, विहिरीपासून दूर.

पाणी तपासायचं कसं

पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू एकही सापडू नये, असं मानक सांगतं. तो सापडला याचा अर्थ विष्ठेचा अंश पाण्यात पोचला आहे. गावात करता येणारी चाचणी म्हणजे एच-टू-एस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती मांडली आणि ती जगभर गेली. बाटलीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत, ऊबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर ते पिऊ नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाती संच आहे का, आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष कुणी ऐकतं का, हे गावाने बघायला हवं.

घरात आल्यावर

स्वच्छ भरलेलं पाणीही माठात हात बुडवून बिघडतं. माठ झाकलेला, उंचावर, आणि पाणी काढायला लांब दांडीचं ओगराळं. शंका असेल तेव्हा खळखळून उकळी येऊ द्यावी, किंवा बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मेडिक्लोरचे थेंब घालून अर्धा तास थांबावं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवलेलं पाणी उकळावंच लागतं.

तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं?

महाराष्ट्रात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक ग्रामपंचायतीतल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीचा परिसर, ओटा, गटार, गळती, पावडरीचा साठा हे सगळं त्यात बघतात आणि धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पद्धत चांगली आहे. अडचण एवढीच की कार्ड कार्यालयाच्या कपाटात राहतं आणि पाणी पिणाऱ्यांना त्याचा रंग ठाऊक नसतो.

पावसाळा तोंडावर आलेला असताना, १ मे रोजी, ग्रामसभा असते. त्या सभेला जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून आणि जलसुरक्षकाकडून तीन गोष्टी विचारून घ्या: यंदा कार्ड कोणतं मिळालं, पावडर किती शिल्लक आहे आणि तिच्यात क्लोरीन किती टक्के आहे, आणि विहिरीच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल काय सांगतो. ओट्याला भेग असेल तर तिची दुरुस्ती त्याच दिवशी ठरावात लिहून घ्या. मृग लागायला तेव्हा पाचेक आठवडे उरलेले असतात आणि गवंड्याला तेवढे पुरतात.